पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा चंद्र

सर, बाबा आता तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, हे आधी सांगून टाकते. बत्तीस वर्षं बोलत होते. रोज नव्हे, पण उन्हाळा लागून बाजारात खरबुजं दिसायला लागली की एकदा तरी तुमचा विषय निघायचाच. पाहुण्यांसमोर निघायचा, न्हाव्याच्या दुकानात निघायचा, शेगावच्या स्टेशनवर गाडी उशिरा असली तर शेजारच्या अनोळखी माणसापुढेही निघायचा. "आमच्या पोरीचा एक मास्तर होता, सोताच्याच सणाची खबर नव्हती त्याले," अशी सुरुवात असे आणि ऐकणारा हसत असे. मी तिथे असले तर पाण्याचे पेले उचल, चादर सारखी कर, असं काहीतरी करत राहायची. गोष्ट संपेपर्यंत मूग गिळून बसायचं, हे मला इतक्या वर्षांत चांगलं जमलं होतं.

यंदा पाडवा आणि ईद लागून आल्या. तेव्हाही अशाच आल्या होत्या. तेव्हापासून आतापर्यंत आपल्या हिशेबाने बत्तीस वर्षं झाली आणि तुमच्या हिशेबाने तेहतीस. "आपल्या" आणि "तुमच्या" असं म्हटलेलं तुम्हाला चाललं नसतं. सूर्याच्या हिशेबाने आणि चंद्राच्या हिशेबाने म्हण, असं तुम्ही सांगितलं असतं आणि वर फळ्यावर दोन रेघा ओढून दाखवल्या असत्या. त्या रेघांपर्यंत येतेच आहे. त्याआधी आमच्या वाडीचं सांगायला हवं, कारण शाळेत तुम्ही मला रोज पाहिलंत, पण वाडी तुम्ही एकदाच आणि काठावरूनच पाहिलीत.

आमचं घर माळ्यांचं, गाव वरवट बकालच्या थोडं अलीकडे. हिवाळ्यात नदीचं पाणी आटून वाळू उघडी पडली की बाबा त्या वाळूत ओळीने खड्डे करायचे, खड्ड्यात शेणखत भरून खरबुजाचं बी टोचायचे आणि थंडी लागू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला तुराट्यांचा आडोसा करायचे. नदीतल्या या बागेलाच आम्ही वाडी म्हणायचो. बी टोचल्यापासून फळ पिकेपर्यंत अडीच-तीन महिने जातात, आणि एकदा पिकलं की खरबूज कोणाची वाट पाहत नाही, दोन दिवसांत विकलं गेलं पाहिजे. ते घेणारे मुख्यतः रोजे धरणारे लोक. दिवसभराचा उपास खजूर-पाण्याने सुटला की त्यांना रसाळ फळ लागतं, म्हणून शेगावचे एक बागवान, फळांचे व्यापारी, रमजानभर आमचा सगळा माल उचलायचे. लागोपाठ तीन वर्षं असं झालं होतं, की पाडव्याची गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमजानचा चंद्र दिसला. बाबा अक्षरशत्रू, पण त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. पाडव्याच्या सुमाराला फळ तयार झालं पाहिजे, या बेताने ते लागवड करत.

त्या वर्षी मात्र त्यांना शंका आली. मधे धोंड्याचा महिना येऊन गेला होता, दोन वैशाख झाले होते, ताईच्या नवऱ्याला बोलावून तेहतीस अनारसे वाढून झाले होते. दिवाळी उशिरा आली, पाडवाही उशिरा येणार होता. मग रोजेही उशिरा येणार का, हे विचारायला त्यांना गावात तुमच्याहून जवळचा माणूस दिसेना. मी आठवीत होते, तुम्ही आमचे इतिहासाचे सर होतात. "सरले इचारजो, यंदा रोजे कवा लागतात," असं त्यांनी मला दिवाळीनंतर सांगितलं. त्याच आठवड्यात तुम्ही मला पूर्ण तासभर उभं केलं होतं, ते तुम्हाला आठवत नसेल. रोहिणखेडची जुनी मशीद कोणाच्या काळात बांधली असं तुम्ही विचारलंत आणि मी तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड घरी कौतुकाची होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, कुठे वाचलंस, कोणी सांगितलं, आणि मला काही सांगता येईना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. इतिहासात अंदाज चालत नाही." वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला हे फार लागलं. मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं सोडलं होतं.

म्हणून मी विचारलं नाही. मला गरजही वाटली नाही. धोंड्याच्या महिन्याने दिवाळी पुढे जाते, पाडवा पुढे जातो, तर रोजेही जाणारच, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यासाठी तुमच्यासमोर जाऊन उभं राहायचं काही कारण नव्हतं. नवं कॅलेंडर घरात यायला अवकाश होता, आणि आलं तेही खताच्या दुकानातलं, देवाच्या चित्राखाली नुसत्या तारखांचं. बाबांनी आठवण करून दिली तेव्हा मी पाटीवर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता मी म्हणाले, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्र दिसतो. कोण म्हणे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सरनं सांगतलं." बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी तिथल्या तिथे गेली. आदल्या तीन वर्षांत संक्रांतीच्या आधीच बी टोचून व्हायचं. त्या वर्षी त्यांनी संक्रांत होऊ दिली, मग खड्डे केले.

महाशिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. शाळेतून आल्यावर मी वाडीत घागरीने पाणी घालत होते आणि बागवान सायकल काठावर टेकवून वाळूतून चालत आले. टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "दादा, चांद तं काल दिसला. आज पयला रोजा. माल कवा तोडता?" बाबा आधी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. रोजे पाडव्याला आहेत आणि पाडव्याला अजून महिना आहे, असं त्यांनीच बागवानांना समजावून सांगितलं. बागवान नुसते वेलींकडे बघत राहिले. फळं लिंबाएवढी होती. बाबांनी एक फळ हातात उचलून पाहिलं, परत वेलीखाली ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून म्हणाले, सरांनीच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाले. पहिल्या वेळी ते आळसातून आणि रुसव्यातून आलं होतं, या वेळी मला पक्कं ठाऊक होतं मी काय करते आहे ते.

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून शाळेत आले. प्रार्थना होऊन वर्ग नुकतेच बसले होते. तुम्ही खडू घेऊन आमच्या वर्गाच्या दारात होतात, मी खिडकीजवळच्या बाकावर. बाबा व्हरांड्यातूनच बोलले, आवाज चढलेला होता. "मास्तर, पोरीले तुमीच सांगतलं नं, रोजे पाडव्याले लागतात म्हणून?"

तुम्ही खिडकीतून माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलंत ते मला आजही सांगता येत नाही, फार नसेल. मी वहीत तोंड घातलं होतं, तरी तुमची नजर कळली. मग तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात, "हाव दादा. चुकी माहीच झाली."

तिथे संपायला हवं होतं. पण बाबांना वाटलं होतं तुम्ही कानावर हात ठेवाल, भांडाल, आणि तुम्ही सरळ कबूल झालात त्यामुळे त्यांचा राग जिरायच्या ऐवजी भडकला. ते म्हणाले, "सोताच्या सणाची खबर नाही तुमाले? का मुद्दाम सांगतलं? आमचा माल सडला तं तुमच्या लोकायचं काय जाते." हेडसर बाहेर आले, दोन शिक्षक बाहेर आले. "तुमच्या लोकायचं" हा शब्द त्या व्हरांड्यात त्याआधी मी कोणाच्या तोंडी ऐकला नव्हता. बाबा तसे माणूस वाईट नाहीत सर, हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही. बागवानांच्या आईच्या मयतीला ते वाळूतून उठून तसेच गेले होते. पण रागात माणसाच्या हाताला जो दगड लागतो तो तो उचलतो, आणि तो दगड मी त्यांच्या हाताशी ठेवला होता. तुम्ही माफ करा एवढंच म्हणालात आणि वर्गात येऊन हजेरी घेतलीत. तुमचे ओठ कोरडे पडले होते, दुसराच रोजा होता. माझं नाव आलं तेव्हा मी "हजर" म्हणाले आणि तुम्ही पुढचं नाव घेतलंत.

तुम्ही मला बोलवाल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. बोलावलं नाहीत. त्याऐवजी चालू धडा अर्ध्यावर सोडून तुम्ही इस्लामच्या उदयाचा धडा काढलात. पुस्तकात तो दोन पानांचा होता आणि परीक्षेला त्यावर एखाद्या गाळलेल्या जागेपलीकडे काही येत नसे. तुम्ही त्याला पाच तास दिलेत. यात्रेचं गाव आणि बाजाराचं गाव एकच असलं की तिथे कसं चालतं, हे आम्हाला शेगावमुळे माहीत होतं, त्यामुळे मक्का समजायला वेळ लागला नाही. बाप जन्माआधी वारलेला, आई सहाव्या वर्षी गेलेली, असा एक पोरका मुलगा चुलत्याकडे वाढतो, उंटांच्या तांड्याबरोबर व्यापाराला जातो, आणि शब्दाला पक्का म्हणून गावात लोक त्याला "विश्वासू" म्हणू लागतात. चाळिशीत डोंगरातल्या एका गुहेत एकांतात बसलेला असताना त्याला पहिला आदेश होतो, वाच. इथे तुम्ही जरा थांबलात. तुम्ही मास्तर माणूस, तो शब्द तुम्हाला मनापासून आवडायचा. देव एकच, त्याला आकार नाही, त्याच्यापुढे सरदार आणि गुलाम एका रांगेत, हे त्या गावातल्या बड्या लोकांना रुचलं नाही. छळ सुरू झाला आणि शेवटी पैगंबर आपल्या माणसांसह मदिनेला गेले. पुढे सन कुठून मोजायचा हा प्रश्न आला, तेव्हा दुसऱ्या खलिफांनी तो जन्मापासून धरला नाही की विजयापासून धरला नाही, गाव सोडावं लागलं त्या वर्षापासून धरला. हे तुम्ही फळ्यावर लिहिलं नाहीत, नुसतं सांगितलंत, आणि मला ते अजून जसंच्या तसं आठवतं.

मग साक्ष, नमाज, रोजे, जकात, हज. साक्ष म्हणजे देव एकच आणि पैगंबर त्याचे दूत, हे मनापासून म्हणणं, आणि जकात म्हणजे वर्षाच्या शिलकीतला ठरलेला वाटा गरिबांचा, हे आम्हाला चटकन कळलं. रोज्यात थुंकी गिळली तर चालते का, असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. चालते, पण तुझ्याएवढी बडबड केली तर गिळायला उरत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि वर्ग मोकळा हसला. चौथ्या दिवशी तुम्ही त्या दोन रेघा ओढल्यात. हिंदू पंचांग आणि हिजरी सन दोघंही चंद्रच मोजतात, हे तुमचं पहिलं वाक्य होतं. चंद्राचे बारा महिने झाले तरी वर्ष भरायला अकरा दिवस कमी पडतात. पंचांगात ते अकरा-अकरा दिवस साठत जातात आणि साधारण तेहतीस महिन्यांनी त्यांचा एक जादा महिना धरतात, तो धोंड्याचा, म्हणून दिवाळी थंडीतच राहते. पहिल्या रेघेवर तुम्ही मधे मधे गाठी काढल्यात. दुसरी सरळ ठेवलीत. पूर्वी अरबही अशी गाठ मारायचे, पण ती मारायचा हक्क थोड्या लोकांच्या हाती होता. चार महिने पवित्र, त्यांत लढाई बंद, आणि लढाई सोयीची असली की हे लोक पवित्र महिनाच पुढे ढकलायचे. म्हणून कुराणाने ती गाठच मना केली, महिने बाराच. तेव्हापासून रमजान दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून परत येतो. उन्हाळ्यातले लांब रोजे कायमचे कोणाच्याच वाट्याला येत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. कोणीतरी "दुष्काळात तेरावा महिना" म्हणालं, तुम्हीही हसलात. माझी चूक फळ्यावर गाठीच्या रूपाने काढलेली होती आणि वर्गात ती दोघांनाच वाचता येत होती.

पाचव्या दिवशी तुम्ही पैगंबरांच्या पश्चात काय झालं ते घेतलंत. गादी कोणाची यावरून पडलेली फूट, त्यातून झालेले शिया आणि सुन्नी, आणि मोहरमचा शोक कशाचा, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, जरी आमच्या गावात ताबूत उचलणाऱ्यांत निम्मे माळीच असायचे. मग इराणपासून स्पेनपर्यंत पसरलेली राज्यं, आपल्या किनाऱ्यावर आलेले अरब व्यापारी, गावोगाव राहिलेले फकीर, आणि वऱ्हाडात स्वतंत्र सुलतानी थाटणारा माणूस मुळात कानडी ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला, हे ऐकून वर्गात झालेली कुजबुज. तास संपायला दहा मिनिटं असताना तुम्ही पुस्तक मिटलंत. पैगंबर गेल्यावर त्यांनी अमुक सांगितलं, तमुक सांगितलं असं म्हणणारे पुष्कळ झाले, तेव्हा खरं-खोटं कसं ठरवायचं, असा प्रश्न तुम्ही केलात. उत्तरही तुम्हीच दिलंत. सांगणाऱ्याला विचारायचं, तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? अशी माणसामागे माणूस लावत साखळी थेट पैगंबरांपर्यंत न्यायची, आणि त्यातल्या एकेकाची चौकशी करायची. एक विद्वान म्हणे अशी एक गोष्ट ऐकायला कित्येक दिवसांचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो माणूस आपल्या घोड्याला जवळ बोलावत होता, ओच्यात दाणे असल्यासारखं दाखवून. ओचा रिकामा होता. विद्वान तिथूनच परत फिरले. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं, रिकामं टोपलं दाखवून बैल बोलावणं आमच्या घरी रोजचं, त्यामुळे वर्गाला ती गोष्ट फार आवडली. तुम्ही फळा पुसत पुसत म्हणालात, "साखळीतला एक माणूस खोटा निघाला, की बाकीचे कितीही खरे असोत, ती गोष्ट बाजूला ठेवतात."

माझ्याकडे पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी रडले असते आणि त्या रडण्यात सांगून टाकलं असतं. तुम्ही दार उघडून ठेवलं होतं, ओढून आत न्यायला काही आला नाहीत. मी घंटा झाल्यावर दप्तर भरलं आणि घरी गेले.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाडवा आला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्र दिसला, तो ईदचा होता. वाडीत खरबुजं अशी पिकली होती की वास काठापर्यंत यायचा. बागवानांनी शब्दाखातर दोन पाट्या नेल्या, थोडी वरवटच्या बाजारात ढिगाने गेली, उरलेली गुरांना घातली. आठ दिवस गुरं खरबुजं खात होती आणि दुधाला त्याचा गोडसर वास येत होता. ईदच्या दिवशी तुम्ही सायकलवर शिरखुर्म्याचा डबा घेऊन आलात आणि काठावर उभे राहिलात. बाबांनी तुम्हाला पाहिलं आणि वेलींत आणखी खाली वाकले. आई गेली. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून तिने त्यात दोन दिवसांपूर्वीच्या गुढीची साखरेची गाठी घातली. वाडी चांगली झाली आहे, असं तुम्ही तिला म्हणालात. आईला ते टोचून बोलल्यासारखं वाटलं, पण तुम्ही तसे बोलणारे नव्हतात, वाडी खरंच चांगली झाली होती.

जूनमध्ये तुमची बदली झाली. जायच्या दिवशी तुम्ही मला एक घडी घातलेला कागद दिलात, घरी दे म्हणालात. पुढच्या दहा वर्षांच्या रमजानच्या सुरुवातीच्या तारखा होत्या, तुमच्या अक्षरात, खाली टीप, एखादा दिवस मागेपुढे, चंद्र दिसण्यावर. हा कागद मी कधीच दिला नाही. तो दिला असता तर कोणाकडून आला हे सांगावं लागलं असतं. मी दर दिवाळीला त्यातली तारीख पाहून बाबांना सांगायची, आणि कोणी सांगितलं असं त्यांनी विचारलं तर म्हणायची, मीच हिशेब केला. लागवड पुढे कधी चुकली नाही. मास्तरापेक्षा पोरगी हुशार, असं बाबा गावभर सांगत. चूक माझी ती तुमच्या नावावर गेली आणि शहाणपण तुमचं ते माझ्या नावावर आलं, हे एकाच घरात दहा वर्षं सुखाने चाललं.

पुढे मीही इतिहास शिकवायला लागले. हिवरा आश्रमाजवळच्या एका शाळेत आठ वर्षं काढली, मग आई गेल्यावर बाबांना जवळ आणून शेगावला आले. तुम्ही निवृत्त होऊन शेगावलाच घर बांधल्याचं मला आधीपासून माहीत होतं. तुम्ही गेल्याची बातमी पेपरात आली होती, तेव्हा मी ती शिक्षकांच्या खोलीत वाचली आणि पान उलटलं. तुमच्या घरापासून माझं घर चालत पंधरा मिनिटांवर आहे. अकरा वर्षं मी भाजीला त्या गल्लीऐवजी लांबच्या रस्त्याने जाते.

यंदा फाल्गुनात, रोजे चालू असताना, मी आठवीला तुमचा तो साखळीचा भाग शिकवत होते. पुस्तकात नाही, तरी मी तो दर वर्षी घेते, रिकाम्या ओच्यासकट. एका मुलीने हात वर केला. चुणचुणीत आहे, मला तिची जरा धास्तीच वाटते. तिने विचारलं, "मॅडम, मग ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?" मी म्हणाले, माझ्या सरांनी सांगितली. तोंडातून शब्द गेले आणि मला ती पाटी, बाबांचा चेहरा आणि माझी खाली घातलेली मान आठवली. या वेळी ते खरं होतं. तरी ते म्हणणारी मीच होते, आणि तुमच्या नियमाने माझ्याकडून आलेली कुठलीही गोष्ट बाजूला ठेवायला हवी होती.

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर मेथी निवडत होते. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं झालं आहे, दुसऱ्याचं राहिलं आहे, पण पिवळं पान त्यांना हाताने कळतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कागदासकट. ते निवडत राहिले. हातातली जुडी संपल्यावर म्हणाले, "म्हंजे मास्तरनं सांगतलंच नव्हतं?" मी म्हणाले, मी विचारलंच नव्हतं. त्यांनी आणखी एक जुडी सोडली. "मंग त्यानं काऊन ऐकून घेतलं?" "बाबा, तुम्ही मला मारलं असतं म्हणून असेल," असं मी म्हणाले. हे त्यांना पटलं. मारलं असतं, लय मारलं असतं, असं ते म्हणाले, आणि मग तुम्ही कुठे राहता ते विचारलं. तुम्ही नाहीत हे तेव्हा सांगावं लागलं, आणि ते पहिल्यापेक्षा जड गेलं. किती वर्षं झाली, असं त्यांनी विचारलं. पंधरा, मी म्हणाले. त्यांनी मेथी सुपात सारली. "चाल मंग. घर तं असंन."

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बाजारात खरबुजं त्यांनी स्वतः निवडली, देठाकडून वास घेऊन, मला हात लावू दिला नाही. तुमच्या घरी भाबी पुढच्या खोलीत चष्मा लावून मराठी पेपर वाचत बसल्या होत्या. मोठ्याने एक बातमी वाचून आतल्या कोणाला तरी ऐकवत होत्या. आम्हाला त्यांनी ओळखलं नाही, ओळखण्याचं कारण नव्हतं. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. काठी धरून उभ्या उभ्याच म्हणाले, "भाबी, मास्तरले म्या एक डाव लय बोललो होतो. चार लोकायत. चुकी माही होती. हिशेब मीच चुकलो होतो."

भाबींनी चष्मा काढला. कधीची गोष्ट ते विचारलं, कोणत्या शाळेतली ते विचारलं, आणि आठवून पाहिलं. तुम्ही घरी असं काहीच कधी सांगितलं नव्हतं, असं मग त्या म्हणाल्या. बाबा मान हलवत राहिले. निघताना भाबींनी आमच्या पिशवीत खजूर घातले, रिकामी पिशवी कशी देऊ म्हणाल्या. वाटेत बाबा एवढंच बोलले, की हल्लीच्या खरबुजाला वास आहे पण गोडी नाही.

हिशेब मीच चुकलो, असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्या मागे दारात होते, पिशवी हातात धरून. त्यांनी वळून एकदा माझ्याकडे पाहिलं, तुम्ही खिडकीतून पाहिलं होतंत तेवढाच वेळ. एक शब्द पुरला असता. आठवीत होते तेव्हा माराला भ्यायले असं म्हणता येतं. परवा मला मारणारं कोणी नव्हतं, मी पंचेचाळिशीची आहे, आणि तरी मी दुसऱ्यांदा एका माणसाला माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊ दिली.

हे पत्र पोचवायचं म्हटलं तर पोचवता येईल. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, आणि भाबींना मराठी वाचता येतं. त्यांना वाचता येत नसतं तर मी ते नेऊन दिलं असतं. मी ते वहीत, तुमच्या तारखांच्या कागदाजवळ ठेवते आहे.